किलोवर घेतलेली जाळी: बाद जाळ्यांच्या पिशव्या करणाऱ्या एका गटाचं प्रकरण

हे प्रकरण किनाऱ्यावरच्या सहा बायकांच्या एका गटाचं आहे. मासेमारीतून बाद झालेल्या जाळ्यांपासून खांद्याच्या पिशव्या, बटवे, मनगटी पट्टे आणि किल्ल्यांचे गोफ करायचं त्यांनी ठरवलं. कापडतंत्राची माणूस म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांच्यासोबत होते, त्यामुळे इथे सांगितलेल्या चुकांमध्ये माझाही वाटा आहे. गटाच्या संमतीने नावं आणि ठिकाण काढून टाकलं आहे. गटप्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन.

## पार्श्वभूमी

सहापैकी चौघींच्या घरात जाळी शिवण्याचं काम आहे. फाटलेला भाग कापून काढायचा, नवीन सूत घालायचं, आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बरोबर राखायची, हे त्यांच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक. उरलेल्या दोघी शिलाई मशीनवर बसणाऱ्या. धक्क्यामागे बाद जाळ्यांचा ढीग वर्षानुवर्षं वाढत होता आणि त्याला अधूनमधून कुणीतरी काडी लावायचं. त्या काळ्या धुरामुळेच ही कल्पना निघाली असं ताई सांगतात. ढीग जळण्याऐवजी शिवला जावा, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात होतं.

जाळी कापसाच्या आणि तागाच्या सुताची होती, तेव्हा असा ढीग साचत नव्हता. ते सूत कुजायचं. ते टिकवायला झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावं लागे, वाळवावं लागे, आणि एवढं करूनही काही हंगामांत जाळं मातीला मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं आणि मासेमाराचे ते कष्ट वाचले. नायलॉन कुजत नाही. उन्हाने ते कडक होतं, ठिसूळ होतं, त्याचे तुकडे पडतात, पण ते नाहीसं होत नाही. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजांवरून कोणतंही प्लास्टिक समुद्रात टाकायला बंदी घातली आणि त्यात जाळीही येतात. बंदी पाळून जाळं धक्क्यावर आणलं, तरी पुढे त्याचं काय करायचं याची सोय बहुतेक धक्क्यांवर नसते. इथेही नव्हती.

गटातल्या सर्वांत धाकटीने एका बुटाचं छायाचित्र आणलं होतं. २०१५ साली आदिदास आणि पार्ली फॉर द ओशन्स या संस्थेने एक नमुना बूट दाखवला होता. त्याच्या वरच्या भागातल्या हिरव्या लाटा बेकायदा मासेमारी करणाऱ्या जहाजाच्या गिलजाळ्यापासून, म्हणजे माशाचे कल्ले अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यापासून, काढलेल्या धाग्याच्या होत्या. समुद्री जीवांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या सी शेफर्ड या संस्थेच्या जहाजांनी थंडर नावाच्या त्या जहाजाचा ११० दिवस पाठलाग केला होता आणि त्याने मागे टाकलेली जाळी वर काढली होती. एवढी मोठी हकीकत एका बुटात मावते, तर आपल्या धक्क्याची हकीकत एका पिशवीत का मावणार नाही, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. पण त्या बुटामागे जाळं ओळखणारे, धागा काढणारे आणि तपासणारे किती हात होते, याची चौकशी आम्ही कुणीच केली नाही.

## समोरचे पर्याय

सुरुवातीला चार वाटा दिसत होत्या.

पहिली वाट सगळी जाळी गोळा करून धागा पुन्हा घडवणाऱ्या कारखान्याला देण्याची. नायलॉन-६ हे रासायनिक प्रक्रियेने मोडून कॅप्रोलॅक्टम या मूळ घटकापर्यंत नेता येतं आणि त्यापासून नव्यासारखा धागा मिळतो. अ‍ॅक्वाफिल या कंपनीने २०११ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथे असा कारखाना सुरू केला, इकोनिल हा धागा तिथला. फिलिपिन्समध्ये इंटरफेस ही गालिचे बनवणारी कंपनी आणि झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन यांनी २०१२ पासून किनाऱ्यावरच्या वस्त्यांकडून जुनी जाळी घेऊन ती याच मार्गाला लावली होती. ही वाट भक्कम आहे, पण ती मोठ्या प्रमाणावरच चालते. माल टनांत लागतो, स्वच्छ लागतो आणि एकाच जातीचा लागतो. शिवाय गटातल्या बायकांना गोळा करून पाठवून द्यायचं नव्हतं, त्यांना शिवायचं होतं.

दुसरी वाट जाळं वितळवून साच्यात ओतण्याची. चिलीमध्ये ब्युरिओ या कंपनीने जुन्या जाळ्यांपासून स्केटबोर्ड केले ते असेच. पण नायलॉन-६ वितळायला साधारण २२० अंश सेल्सिअस लागतात. धूर बाहेर ओढण्याची सोय नसलेल्या शेडमध्ये हे करायला मी स्पष्ट नकार दिला. त्या नकाराचा आजही पश्चात्ताप नाही.

तिसरी वाट पुनर्निर्मित धाग्याचं तयार कापड विकत आणून त्याच्या पिशव्या शिवण्याची. काम सोपं, माल स्वच्छ. पण मग धक्क्यामागचा ढीग आहे तिथेच राहणार.

चौथी वाट जाळं जाळं म्हणूनच वापरण्याची. धुवायचं, कापायचं, जाड कापडावर बसवायचं, शिवायचं. ताईंनी ही निवडली. शिवून उरलेले नायलॉनचे तुकडे साठवून पुढे पहिल्या वाटेला लावायचे, असंही ठरलं. निवड योग्य होती असं मला अजूनही वाटतं. चुकलं ते जाळी विकत घेण्याच्या पद्धतीत, आणि त्या पद्धतीवर तेव्हा दहा मिनिटंसुद्धा चर्चा झाली नाही. भंगारवाला किलोवर घेतो, आपणही किलोवर घेऊ, एवढ्यावर तो विषय संपला.

## पहिला माल

नावेवरून जे आलं ते एका जातीचं कधीच नव्हतं. गिलजाळ्यांचा पारदर्शक एकेरी नायलॉन तंतू, जुन्या जाळ्यांचं पिळदार नायलॉन सूत, नावेमागून ओढायच्या ट्रॉलजाळ्यांचं हिरवं-निळं पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीनच्या दोऱ्या, जाळं तरंगत ठेवणारे बोये, शिसं, गाळ, शिंपले आणि वाळलेलं शेवाळ, सगळं एकाच गाठोड्यात.

जात ओळखायची सोपी रीत आम्ही पहिल्याच आठवड्यात बसवली. बादलीभर पाण्यात तुकडा टाकायचा आणि बोटांनी दाबून त्यातली हवा काढायची. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा जास्त, साधारण १.१४, म्हणून ते बुडतं. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन एकाहून कमी घनतेचे, ते तरंगतात. हवा न काढता टाकलं की नायलॉनही तरंगतं, आणि या एका कारणाने पहिले दोन दिवस आमची वर्गवारी उलटी होत होती. शंका उरली तर मोकळ्या हवेत नखाएवढ्या तुकड्याला ज्योत दाखवायची. पॉलिथिलीनला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो. नायलॉनला तो येत नाही, आणि ते थंड होताना त्याचा कडक मणी बनतो.

मग वास. मासळीच्या वासातला मोठा भाग ट्रायमिथिलअमाइन नावाच्या संयुगाचा असतो. पिळदार सुताच्या पेडांमध्ये वाळलेला चिकटा आत बसून राहतो आणि दमट हवा लागली की पुन्हा वास सुटतो. गटाने आधी ब्लीच वापरलं. वास गेला, पण महिनाभरात सूत हाताने तुटायला लागलं, कारण क्लोरीनचं ब्लीच नायलॉनला खातं. हे मला माहीत होतं, सांगायचं राहिलं. पुढे पद्धत बदलली. गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवणं, साबणाने धुणं, मग सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणात बुडवणं. सौम्य आम्लाने त्या संयुगाचं न उडणाऱ्या क्षारात रूपांतर होतं आणि ते पाण्यासोबत निघून जातं. मासळीवर आंबट पिळतात त्यामागचं एक कारणही हेच. वाळवणं मात्र सावलीतच, कारण उन्हाने आधीच अर्धं मेलेलं नायलॉन आणखी उन्हात घालण्यात अर्थ नव्हता.

शिवणाच्या अडचणी मला सर्वांत आवडल्या, कारण तिथे जाळी शिवणाऱ्या चौघींची विद्या कामी आली. जाळ्यावर सरळ टाके घातले तर ते आसांतून निसटतात. गाठीवर मशीनची सुई पडली की मोडते. धाकटीने गरम चाकूने कडा वितळवून बंद केल्या, दिसायला सुंदर. पण वितळलेल्या टोकाचा मणी कडक होतो आणि विणलेल्या कपड्यांचे धागे ओढतो. पहिल्या वीस पिशव्यांतल्या सात याच कारणाने परत आल्या. शेवटी जाळं जाड कॅनव्हासवर ताणून हाताने गाठी-गाठींशी टाचायचं, मग कडेवर दुहेरी पट्टी घालून मशीनची शिलाई पट्टीवरच मारायची, अशी रीत बसली. टाचण्याचा टाका चौघींच्या घरातला, जाळं दुरुस्त करतानाचाच.

पिशवी खरोखर चांगली झाली होती. पिळदार सुताचा करडा-हिरवा रंग, कुठे दुरुस्तीचं वेगळ्या रंगाचं सूत तसंच राखलेलं. एका दुकानाने अडीचशे नगांची मागणी नोंदवली, त्यात निम्मे मनगटी पट्टे आणि गोफ.

## अडचण

मागणी वाढली तसं गटाने धक्क्यावर कळवलं की जास्त जाळी हवीत. माल वाढला आणि वजनाने फारच वाढला. ओली गाठोडी यायला लागली, वाळूसकट. ते लक्षात आलं आणि वाळवूनच घ्यायचं ठरलं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट वाढली होती आणि ती कुणालाच खटकली नाही. जाळ्याच्या खालच्या कडेची दोरी आता प्रत्येक गाठोड्यात असायची. जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून या दोरीला शिशाची वजनं ओवलेली असतात. काही दोऱ्यांच्या पोटातच शिशाचे मणी किंवा तार भरलेली असते, बाहेरून ती साध्या वेणीच्या दोरीसारखी दिसते. आधी नावेवरचे लोक ही दोरी काढून ठेवत, कारण ती नव्या जाळ्याला परत लागते. आता किलोचे पैसे मिळतात म्हटल्यावर जीर्ण झालेल्या दोऱ्याही जाळ्यासकट यायला लागल्या. शिशासारखं जड दुसरं काय असणार?

आणि गटाला त्या दोऱ्या आवडल्या. पोटातली तार ओढून काढली की उरलेली पोकळ वेणी मऊ, गोल आणि मनगटी पट्ट्याला अगदी योग्य. दोघी जणी तीन आठवडे कातरीने त्या दोऱ्या चिरून शिसं काढत होत्या. काढलेलं शिसं डब्यात जायचं. त्याची करडी भुकटी टेबलावर, बोटांवर, पदरावर राहायची.

मी त्या तीन आठवड्यांत तिथे नव्हते. परत आले तेव्हा टेबलावर हात ठेवला आणि बोटं काळी झाली.

मी विचारलं तेव्हा त्यातली थोरली म्हणाली, "यात काय नवीन? शिशाचे मणी दोरीवर दाबून बसवायला आमच्या घरात सगळे दातच वापरतात. मीही लहानपणी केलंय."

ती खरं बोलत होती, आणि ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शिशाची रक्तातली कोणतीच पातळी निर्धोक मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं होतं, आणि ते भरून निघत नाही. भुकटी कपड्यांवरून घरी जाते. त्या दोघींपैकी एकीचं मूल दहा महिन्यांचं होतं. ती दुपारी घरी जाऊन त्याला अंगावर पाजून परत यायची, त्याच साडीत.

## निर्णयाचा दिवस

शिशाचं काम त्याच क्षणी थांबलं, त्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो तयार मालावर. अडीचशेपैकी १८० नग बांधून तयार होते, पाठवायला चार दिवस उरले होते आणि याशिवाय जवळपास साठ नग आधीच विकले गेले होते.

एक मत होतं की सगळं पुन्हा साबणाने धुवावं आणि पाठवावं. दुसरं मत, पिशव्यांना अस्तर आहे, जाळं अंगाला लागत नाही, तेव्हा पिशव्या पाठवाव्यात आणि फक्त पट्टे मागे ठेवावेत. तिसरं, आधी तपासावं. हे तिसरं मत माझं. पण तपासणीला आठ दिवस लागणार होते, आणि उशीर झाला तर मागणी रद्द होईल हे दुकानाने आधीच कळवलेलं.

धुण्याच्या पर्यायावर आम्ही बराच वेळ थांबलो, कारण तो सगळ्यांना हवाहवासा होता. मी त्याच्या विरोधात होते. पिळदार सुताच्या पेडांत मासळीचा चिकटा जसा बसतो, तशीच भुकटीही बसते. वास गेला की धुणं पुरलं हे नाकाला कळतं. शिसं गेलं की नाही हे कळायला शरीराकडे काहीच नाही. दागिन्यासारख्या वस्तूत शिशाचं प्रमाण वजनाच्या ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी असायला हवं असा युरोपीय संघाचा रीच हा रसायनांविषयीचा नियम आहे. तो कोणत्या बाजारपेठेचा, याचा आमच्याशी संबंध नव्हता. अंगाला लागणाऱ्या वस्तूसाठी एक रेघ कुठेतरी आखलेली आहे आणि आपण तिच्या कोणत्या बाजूला आहोत हे आपल्याला ठाऊक नाही, हे सांगायला तो आकडा मला उपयोगी पडला.

निर्णय ताईंनी घेतला. त्या म्हणाल्या, "जे आपल्या पोराच्या हातात देणार नाही, ते दुसऱ्याच्या पोराच्या हातात द्यायचं नाही. मागणी गेली तर गेली."

मागणी गेली.

## काय केलं

दोघींची आणि बाळाची रक्ततपासणी सर्वांत आधी केली, मग उरलेल्या चौघींची. दोघींच्या रक्तात शिशाचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. बाळाचं जास्त नव्हतं. अहवाल हातात आला तेव्हा त्याची आई शेडच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ रडली, आणि आम्ही कुणी तिला उठवलं नाही. डॉक्टरांनी त्या कामापासून पूर्ण लांब राहायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा दोघींचं प्रमाण उतरलेलं होतं.

शेड कोरड्या झाडूने झाडायची नाही, कारण त्याने भुकटी उडते, हे सगळ्यांना नीट समजावलं. ओल्या फडक्यांनी दोनदा पुसून काढली आणि फडकी बंद पिशवीत भरली. कातरकामाचं टेबल टाकून दिलं.

नमुने प्रयोगशाळेत गेले. तीन आठवड्यांच्या त्या काळात तयार झालेल्या मनगटी पट्ट्यांत आणि गोफांत शिसं सापडलं, काहींत त्या रेषेच्या बरंच वर. त्याच टेबलावर शिवलेल्या पिशव्यांपैकी काहींच्या बाहेरच्या जाळ्यातही सापडलं. म्हणजे दुसरं मत मानलं असतं तर आम्ही शिसं लागलेल्या पिशव्या पाठवल्या असत्या. दोऱ्या चिरायच्या आधी तयार झालेल्या पिशव्या स्वच्छ निघाल्या. विकल्या गेलेल्या नगांचे ग्राहक शोधून प्रत्येकाला कळवलं, पैसे परत केले आणि वस्तू परत मागवली. साठपैकी एकेचाळीस परत आल्या. दूषित माल घातक कचरा हाताळणाऱ्यांकडे सोपवला.

त्यानंतर खरेदीची पद्धत बदलली, आणि माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत मोलाचा बदल हाच. किलो बंद झाला. गट आता फक्त जाळ्याची मधली चादर घेतो. वरची बोयांची दोरी आणि खालची शिशाची दोरी नावेवरच सोडवलेली असली पाहिजे, सुटी आणि न चिरलेली. चादर वाळलेली, झटकलेली, हातभर रुंदीच्या गुंडाळीत. पैसे गुंडाळीमागे ठरतात, वजनावर नाही. दोरी सोडवण्याचं काम जाळी शिवणारे करतात आणि त्याची मजुरी त्यांना वेगळी मिळते. शिशाची अख्खी दोरी नाव परत वापरते, जी आधीही वापरायची. म्हणजे शिशाचं सर्वांत सुरक्षित ठिकाण आम्हाला सापडलं ते त्याचं मूळचंच.

गुंडाळीची पद्धत बसत असतानाच आणखी एक प्रसंग घडला. एका नावेचे मालक शेडमध्ये आले, ढिगाशी थांबले आणि एक जाळं उचलून म्हणाले, "हे माझं आहे. ही लाल सुताची गाठ माझ्या भावाची. हे आम्ही टाकलेलं नाही, वाळत घातलं होतं." तपास केला, तर खरंच कुणीतरी ते उचलून विकून गेलं होतं. जाळं परत दिलं, माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक गुंडाळीची नोंद होते: कोणत्या नावेची, कुणी आणली, कधी. नोंद नसलेलं जाळं कितीही सुंदर असलं तरी घेतलं जात नाही.

## चिठ्ठीवरचे शब्द

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण अशा वस्तू करणाऱ्या जवळपास प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो.

पुढच्या एका खरेदीदाराला पिशवीच्या चिठ्ठीवर "समुद्रातून काढलेल्या जाळ्यापासून" असं हवं होतं. उत्तर प्रशांत महासागरातल्या प्लास्टिकच्या मोठ्या पट्ट्याचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी वाचला होता. तिथल्या प्लास्टिकच्या वजनापैकी किमान ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे असं त्यात म्हटलं आहे. तो आकडा खरा आहे आणि काळजी वाटावी असाच आहे. पण त्या जाळ्यांचा आणि आमच्या पिशवीचा थेट संबंध नाही. समुद्रात हरवलेलं जाळं अनेक जातींच्या दोऱ्यांशी गुंतलेलं, जीवांनी लगडलेलं आणि उन्हाने तुटलेलं असतं. त्यातून पिशवीचं कापड निघणं फार अवघड. आमचं जाळं धक्क्यावरचं.

मग "समुद्रात जाण्याआधी रोखलेलं" असं लिहावं का? मला आधी ते बरोबर वाटलं होतं. ताईंनी ते खोडलं. ज्यांनी जाळं जपून धक्क्यावर आणलं, त्यांनी ते समुद्रात टाकलंच असतं असं आपण छापायचं का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज चिठ्ठीवर एवढंच आहे: "मासेमारीतून बाद झालेलं नायलॉन जाळं, धक्क्यावर नावेकडून घेतलेलं. कॅनव्हास आणि पट्टी नवीन." शेवटचं वाक्य माझं. पिशवीच्या वजनातला अर्ध्याहून अधिक भाग नवीन कापडाचा असताना ते लपवणं मला पटलं नसतं. तो खरेदीदार गेला. काही महिन्यांनी दुसरा, लहान, आला आणि अजून आहे.

## निष्पत्ती

गट करत असलेल्या अकरा प्रकारच्या वस्तूंपैकी तीन उरल्या: खांद्याची पिशवी, चपटा बटवा आणि बाटलीची झोळी. अंगाला सतत घासणारी वस्तू गट आता करत नाही. सहाही जणी कामावर आहेत, महिन्यातले बारा ते पंधरा दिवस. हा पूर्ण पोटापाण्याचा धंदा नाही, आणि तसा तो कुणाला सांगितलाही जात नाही. जाळी शिवणाऱ्या पाच-सहा पुरुषांना दोऱ्या सोडवण्याची मजुरी मिळते. हे सुरुवातीच्या आराखड्यात नव्हतंच.

येणाऱ्या चादरीतला साधारण तिसरा हिस्सा वस्तूत जातो. बाकीचं एक तर फार ठिसूळ असतं किंवा तुकडे लहान पडतात. नायलॉनचे तुकडे वेगळे साठतात आणि एक गाडी भरेल इतके झाले की पुनर्वापर करणाऱ्याकडे जातात. धक्क्यामागे काडी लावणं थांबलं आहे.

एक परिणाम आम्ही मोजला नाही, पण तो मला सर्वांत मोठा वाटतो. शिशाचे मणी दातांनी दाबणं त्या वस्तीत कमी झालं. थोरलीने पक्कड विकत घेतली आणि घरोघरी जाऊन आपला रक्ताचा अहवाल दाखवला.

## पुन्हा करायचं झालं तर

पहिली कातर चालवण्याआधी जाळ्यात काय काय असू शकतं याची यादी करायला हवी होती, आणि ती मी करायला हवी होती. शिसं तर आहेच. पाण्यातल्या पिंजऱ्यांत मासे वाढवतात, त्या जाळ्यांवर शेवाळ चढू नये म्हणून तांबेयुक्त लेप देतात. अशी जाळी आमच्याकडे आली नाहीत हा केवळ योगायोग. आली असती तर आम्ही तीही धुऊन शिवली असती. पहिल्या मालातले चार नमुने तपासायचा खर्च पुढे झालेल्या नुकसानाच्या तुलनेत किरकोळ होता.

कामाचे कपडे शेडमध्येच ठेवायचे, हात धुतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, खाणं-पिणं वेगळ्या जागी, हे नियम शिसं सापडल्यावर आले. ते आधी असते तर बाळाची तपासणी करायची वेळ आली नसती. जुन्या मालाचं काम करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये हे पहिल्या दिवसापासून हवं, माल कितीही निरुपद्रवी वाटला तरी.

तीन आठवडे मी दूर असताना कामाची पद्धत बदलली आणि ते मला कुणी कळवलं नाही, कारण कळवायचं असतं हे ठरलेलंच नव्हतं. नवीन माल, नवीन भाग किंवा नवीन हत्यार आलं की काम थांबवून एकमेकींना सांगायचं, असा नियम आज भिंतीवर लिहिलेला आहे.

धुण्याच्या पाण्याकडे आम्ही उशिरा वळलो. ठिसूळ नायलॉन धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात उतरतात. ढिगाचं प्लास्टिक आम्ही अशा रीतीने नाल्यात सोडत होतो. आता पाणी आधी निवळू देतो, मग दाट विणीच्या कापडातून गाळतो, आणि गाळ वाळवून वेगळा ठेवतो. सगळे तंतू त्यात अडकत नाहीत हे मला कळतं, म्हणून फार ठिसूळ जाळं आता धुवायलाच घेत नाही. नखाने ओढून सूत तुटलं तर ते तिथूनच परत.

पॉलिथिलीनचा प्रश्न सुटलेला नाही. नायलॉनला पुढची वाट आहे, पण ट्रॉलजाळ्यांचं हिरवं सूत आणि तुटक्या दोऱ्या अजून शेडमागे पडून आहेत, ताडपत्रीखाली. धाकटीने त्यांची पायपुसणी वळायला घेतली होती. विकायची घाई या वेळी कुणीच केली नाही. तीन पायपुसणी तिने उन्हात पांढऱ्या कापडावर मांडून ठेवली आहेत आणि दर महिन्याला कापडावर किती हिरवी भुकटी पडली ते वहीत लिहून ठेवते. चौथा महिना चालू आहे. दोन पायपुसण्यांखाली भुकटी दिसायला लागली आहे, तिसऱ्याखाली अजून नाही, आणि ती तिसरी कोणत्या नावेच्या दोरीची होती हे ती नोंदवहीत शोधते आहे.